उशाशीं बसलेला पहारेकरी

घरांतील कोणाची शस्त्रक्रिया ठरली म्हणजे आपण चौकशी करतों ती शस्त्रवैद्याची. भूल कोण देणार, हें बहुधा आदल्या सायंकाळीं ती व्यक्ति स्वतः खाटेपाशीं येऊन प्रश्न विचारूं लागते तेव्हांच समजतें. फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेंत या उपेक्षित व्यक्तीवर जेवढा भार पडतो तेवढा इतरत्र क्वचितच पडत असेल. म्हणून आज तिच्या पहाऱ्याविषयीं बोलावयाचें आहे.

पोट उघडलें तरी फुफ्फुसें फुगलेलीं राहतात. छातीचें तसें नाहीं. फुफ्फुसाला फुगण्यासाठीं स्वतःचे स्नायू नसतात. भोंवतालच्या पोकळींतील दाब बाहेरच्या हवेहून किंचित् कमी असतो, म्हणून तें पसरलेलें राहतें. छाती उघडतांच बाहेरची हवा आंत शिरते आणि तें मिटतें. यावर ब्रेस्लाउ येथें झाउअरब्रुख या तरुण शस्त्रवैद्यानें १९०४ सालीं एक अजब तोड काढली: कमी दाबाची बंद खोली. रोग्याचें धड व शस्त्रवैद्य आंत, रोग्याचें डोकें आणि भूल देणारा बाहेर! पुढें श्वासनलिकेंत नळी घालून हवा आंत ढकलण्याची सोपी रीत रूढ झाली. १९३३ सालीं अमेरिकेंत सेंट लुई येथें एव्हर्ट्स ग्रॅहॅम यांनीं कर्करोगासाठीं एका रोग्याचें संपूर्ण डावें फुफ्फुस काढलें. तो रोगी स्वतः डॉक्टर होता आणि नंतर जवळजवळ तीस वर्षें जगला. ग्रॅहॅम मात्र १९५७ सालीं फुफ्फुसाच्या कर्करोगानेंच गेले.

आज बहुधा दोन वाटा असलेली नळी वापरतात. एक वाट डाव्या फुफ्फुसाकडे, दुसरी उजव्याकडे. स्वीडनच्या कार्लेन्स यांची अशी नळी १९४९ सालची. ज्या बाजूला काम करावयाचें त्या बाजूची हवा तोडली कीं तें फुफ्फुस मिटून स्थिर होतें व शस्त्रवैद्याला जागा मिळते. दुसऱ्या एकट्या फुफ्फुसावर रोगी तास-दोन तास किंवा अधिकही काळ जगतो.

परंतु हवा थांबली तरी रक्त थांबत नाहीं. मिटलेल्या फुफ्फुसांतून जाणारें रक्त प्राणवायु न घेतां तसेंच परत येतें आणि चांगल्या रक्तांत मिसळतें. शरीर स्वतःच यावर थोडा उपाय करतें: जेथें प्राणवायु पोंचत नाहीं तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्त चांगल्या बाजूकडे वळतें. फॉन ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनीं १९४६ सालीं मांजरांवरील प्रयोगांत हें दाखविलें. रोग्याला कुशीवर, निरोगी फुफ्फुस खालीं येईल असें निजवितात. त्यामुळें गुरुत्वाकर्षणही रक्त तिकडे ओढतें. ही सोय पुरी पडते कीं नाहीं, हेंच उशाशीं बसलेल्याला पाहावयाचें असतें.

पण पाहावयाचें काय? हा वाद जुना आहे, आणि त्याचें एक रणांगण आपल्या शेजारींच होतें. हैदराबादेस १८८८ व १८८९ सालीं निजामाच्या खर्चानें क्लोरोफॉर्म कमिशनें बसलीं. एडवर्ड लॉरी यांचा आग्रह असा कीं श्वासावर नजर ठेवा, नाडीच्या नादीं लागूं नका. जनावरांवरील शेंकडों प्रयोगांवरून कौलही तोच पडला. १९११ सालीं लेव्ही यांनीं क्लोरोफॉर्म हृदय एकाएकीं बंद पाडूं शकतें हें दाखविलें, तेव्हां त्या कौलाचा एकांगीपणा उघड झाला. उरली ओठांच्या व नखांच्या रंगाची खूण. तीही भरंवशाची नाहीं. १९४७ सालीं कॉम्रो आणि बोटेल्हो यांनीं परीक्षा घेतली, तेव्हां रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण शेंकडा ८० च्या आसपास उतरेपर्यंत पुष्कळ निरीक्षकांना निळेपणा खात्रीनें ओळखतां आला नाहीं. सांवळ्या कातडीवर तर तो अधिकच लपतो.

१९७४ च्या सुमारास जपानचे ताकुओ आओयागी कानाच्या पाळींतून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त फेंकतें तें मोजूं पाहत होते. नाडीचे ठोके त्यांच्या आलेखांत व्यत्यय आणीत. तो व्यत्यय काढतां काढतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ठोक्याबरोबर हलणारा भाग तेवढा धमनींतील रक्ताचा. त्यावरूनच प्राणवायु मोजतां येईल. २०२० सालच्या साथींत आपल्या घरोघरीं आलेला बोटाचा चिमटा तो हाच.

मात्र फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेंत एकट्या चिमट्यावर विसंबणें धोक्याचें. रक्तांतील प्राणवायूचा दाब आणि चिमट्याचा आंकडा यांचें नातें सह्याद्रीसारखें आहे: देशावरचें लांबलचक पठार आणि मग एकदम कोंकणांत उतरणारा कडा. शुद्ध प्राणवायु घेणाऱ्या रोग्याचा दाब निम्म्यानें घटला तरी आंकडा ९९ वर राहूं शकतो. ९० च्या खालीं मात्र झपाट्यानें घसरतो. शिवाय बोटापर्यंत ही बातमी पोंचावयास अर्धें मिनिट, कधीं अधिकही लागतें.

म्हणून दुसरे पहारे. बाहेर पडणाऱ्या श्वासांतील कार्बन डायऑक्साइडची एक लाट दर श्वासाला पडद्यावर उमटते. नळी श्वासमार्गांत आहे, हवा जा-ये करीत आहे आणि रक्त फुफ्फुसापर्यंत पोंचत आहे, या तिन्ही गोष्टींची ती ग्वाही देते. नळी सरकली तर लाटेचा आकार बिघडतो, यंत्राला हवा ढकलण्यास अधिक जोर लागूं लागतो, आणि चिमटा मात्र अजून निश्चिंत असतो! रोग्याला कुशीवर वळवितांना नळी पुष्कळदां हलते, म्हणून बारीक दुर्बीण आंत घालून ती पुन्हां तपासतात. मनगटाच्या धमनींतही एक सूक्ष्म नळी असते. शस्त्रवैद्याचा हात हृदयाच्या अगदीं शेजारीं वावरत असतो. त्याचा दाब पडला तर रक्तदाबाची रेघ त्याच ठोक्याला खालीं येते.

समजा, फुफ्फुस मिटून वीस मिनिटें झालीं आहेत. आंकडा ९७, मग ९४, मग ९१. प्राणवायु पुरा सोडावयाचा, दुर्बिणीनें नळी पाहावयाची, तींत रक्त किंवा कफ अडकला असेल तर ओढून काढावयाचा, रक्तदाब सांवरावयाचा. मग खालच्या फुफ्फुसांत थोडा दाब कायम ठेवावयाचा, वरच्यांत किंचित् प्राणवायु भरावयाचा. इतकेंही पुरलें नाहीं तर शस्त्रवैद्याला सांगावें लागतें, "थांबा, फुफ्फुस फुगवावयाचें आहे." त्या क्षणीं तो कदाचित् एखाद्या मोठ्या रक्तवाहिनीशीं गुंतलेला असतो, आणि फुगलेलें फुफ्फुस त्याची सारी जागा व्यापणार असतें. तरीही तो शब्द निःसंकोच उच्चारतां आला पाहिजे व तत्काळ मानला गेला पाहिजे. माझ्या मतें रुग्णालय निवडतांना यंत्रांच्या यादीपेक्षां ही चौकशी मोलाची. दुर्दैवानें ती बाहेरून करणें कठीण.

आदल्या सायंकाळच्या प्रश्नांचा रोखही आतां ध्यानांत येईल. न थांबतां किती जिने चढतां, यावरून हृदय व फुफ्फुसें यांची शिल्लक ताकद अजमावतात. तंबाखूविषयीं वडीलधाऱ्यांसमोर संकोच वाटत असेल तर त्यांना क्षणभर बाहेर बसवावें. नखांचा रंग पुसावयास सांगतात तो चिमट्याच्या प्रकाशाला अडथळा होऊं नये म्हणून.

फुफ्फुसाचा एक भागच काढला असेल, तर काम संपल्यावर उरलेला भाग हळूहळू फुगवितात. नंतर छातींतून निघालेली नळी खाटेखालच्या बाटलींतील पाण्यांत सोडलेली दिसते, आणि तींतून बुडबुडे येऊं लागले कीं भेटीस आलेले आप्त घाबरतात. फुफ्फुसाच्या कापलेल्या कडेंतून थोडी हवा कांहीं दिवस निसटत राहते. ती या वाटेनें बाहेर पडते. पाणी मात्र बाहेरची हवा आंत जाऊं देत नाहीं. खोकतांना बुडबुडे वाढतात, कड सांधूं लागली कीं कमी होतात. त्यांची दखल घेण्याचें काम आतां वॉर्डांतील परिचारिकेकडे आलेलें असतें.