माळरानावरची दुचाकी (लेखांक 11) : हवा की पोलाद?

डॅम्पिंगच्या वाशरांची चळत गेल्या आठवड्यात अर्धीच उलगडली आणि बाकीची या खेपेस उलगडण्याचे मी कबूल केले होते. परंतु कराडच्या एका वाचकाचे पत्र मधल्या काळात हाती आले आणि त्यातील प्रश्न इतका मुळाशी भिडणारा निघाला, की वाशरांचे प्रकरण तूर्त तहकूब ठेवणेच मला योग्य वाटते. 2024 च्या जानेवारीत पुण्यास सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, तेव्हापासून जुनी परदेशी मोटोक्रॉस गाडी घेऊन माळावर सराव करणाऱ्या हौशी तरुणांची अशी पत्रे वाढली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे.

पत्रलेखकाजवळ हाताबदलाची केटीएम 250 एसएक्स-एफ आहे. तिच्या पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी दाबाखालची हवा आहे. बूट, शिरस्त्राण व छातीकवच यांसह स्वाराचे वजन 92 किलो. बारीक खळग्यांवर मनगटे बधिर होतात, उलट मोठ्या उडीनंतर फोर्क तळाला आदळतो, असे ते लिहितात. आता हवा काढून स्प्रिंगचा संच बसवावा, यामाहाचा जुना फोर्क मिळवून जोडावा, की साठवलेली सगळी रक्कम डब्ल्यूपीच्या कोन व्हॉल्व्ह फोर्कवर घालावी, अशी त्यांची त्रिविध विचारणा आहे.

हवेवर गाडी तोलण्याची कल्पना आजकालची नव्हे. 1976 साली केंट हॉवर्टनने हस्कवार्ना गाडीवर अमेरिकेचे 500 सीसीचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, तेव्हा तिच्या मागच्या बाजूस फॉक्स कंपनीचे हवेचे शॉक होते. 2013 मध्ये होंडा व कावासाकी यांनी आपल्या 450 सीसी गाड्यांच्या पुढच्या फोर्कमधून स्प्रिंगा काढून हवा भरली, तेव्हा पोलादाचे दिवस सरले असे पुष्कळांना वाटले. आणि तरीही होंडा 2017 मध्ये, सुझुकी 2018 मध्ये आणि कावासाकी 2019 मध्ये आपल्या 450 गाड्यांवर पुन्हा स्प्रिंगकडे वळल्या. यामाहाने तर कायाबाचा स्प्रिंगचा फोर्क कधी सोडलाच नाही. केटीएमचे घराणे मात्र हवेवरच राहिले, आणि ज्या कारणांसाठी राहिले ती खरीखुरी आहेत: दीड किलोच्या आसपास वजन वाचते, आणि स्वार बदलला तर स्प्रिंग न बदलता पंपाने दाब बदलून काम भागते.

वजन हलके झाले तरी हवेचा स्वभाव पोलादाचा नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. स्प्रिंग पहिल्या मिलिमीटरला जितकी वाढीव ताकद मागते तितकीच दोनशेव्या मिलिमीटरलाही मागते. हवा मात्र दाबत जावे तशी अधिकाधिक अडून बसते, आणि तो दाब अडवण्यासाठी लागणारी घट्ट सीले फोर्कच्या पहिल्या हालचालीलाच थोडी धरून ठेवतात. शिवाय हवा तापते. सकाळी 18 अंश तपमानात दहा बार दाब भरून गाडी उभी केली आणि दुपारी नळीतली हवा 40 अंशांवर गेली, तर दाब सुमारे 0.8 बारने चढतो. दोन दशांश बारचा फरकही मुठीला जाणवतो, म्हणजे सकाळची गाडी आणि दुपारची गाडी या दोन निराळ्या गाड्या होत. एप्रिलमधील एका सरावाच्या दिवशी मी दर तासाला काटा लावून हे आकडे वहीत टिपत गेलो, तेव्हा त्याची खात्री पटली. काटा लावताना थोडी हवा पंपाच्या नळीत शिरते, सबब दिसणारा आकडा मूळ दाबापेक्षा किंचित कमी असतो, हेही जमेस धरावे.

एवढे सांगूनही, पत्रलेखकाने आज काही विकत घ्यावे असे मी म्हणणार नाही. पत्राच्या अखेरीस ओझरता उल्लेख आहे, की गाडी घेतल्यापासून दोन वर्षांत फोर्क एकदाही उघडलेला नाही. माझ्या मते सारे मर्म त्या एका ओळीत आहे. इतक्या दिवसांचे तेल बशीत ओतून पाहावे: मधासारख्या रंगाऐवजी शिशासारखा करडा द्रव येतो, आणि बशी तिरपी करून उन्हात धरली की तळाशी ॲल्युमिनियमची चमकदार भुकटी फिरताना दिसते. त्या भुकटीवर घासणारी सीले बारीक खळग्यांवर हात बधिर करणारच. प्रथम तेल, सीले व बुश बदलावेत, आणि 92 किलोंना साजेसा दाब गाडी थंड असताना भरावा.

यानंतरही समाधान झाले नाही, तर स्प्रिंगचा संच घ्यावा, हे माझे स्पष्ट मत. या फोर्कची हवा फक्त डाव्या नळीत असते, डॅम्पिंग उजवीत. त्या डाव्या नळीतला वायुकोश काढून तेथे पोलादी स्प्रिंग बसते आणि मूळ फोर्क कायम राहतो. मात्र स्प्रिंग एकाच नळीत बसणार असेल, तर दोन नळ्यांत विभागली जाणारी ताकद तिला एकटीने पेलावी लागते, म्हणून दुसऱ्या गाडीच्या जोडस्प्रिंगांचा आकडा पाहून ती मागवू नये. आपले वजन कळवून मागवावी. यामाहाचा फोर्क मला स्वतःला फार प्रिय आहे, पण तो दुसऱ्या गाडीवर चढवायचा म्हणजे ट्रिपल क्लॅम्प, चाकाचा आस, ब्रेकच्या कॅलिपरची बैठक, सारेच नव्याने जुळवावे लागते, आणि चाक किंचित जरी तिरके बसले तरी सगळा खर्च वाया जातो. कोन व्हॉल्व्हचा फोर्क उत्कृष्टच. परंतु त्यातील गुण जाणवायला उड्यांचा जो वेग लागतो, तो पत्रातील वर्णनावरून अजून दोन मोसम दूर दिसतो.

तोवर एक तजवीज करावी. उघड्या नळीभोवती एक पातळ प्लॅस्टिकची पट्टी सैलसर आवळून सीलाला टेकवावी. पाच फेऱ्या मारल्यावर ती कुठवर सरकली, हे फूटपट्टीने मोजून तारीख, वेळ व थंड दाबासह लिहावे. सुमारे 300 मिलिमीटरच्या चालीपैकी प्रत्यक्ष किती वापरली जाते, हे त्यावरून कळेल. अशा चार नोंदी मला पाठवाव्यात. वाशरांच्या चळतीकडे पुढच्या आठवड्यात वळताना त्या नोंदी समोर असल्या, तर उदाहरण म्हणून त्याच घेता येतील.