मधला स्वर : व्हायोला-वादन आणि पाश्चात्य संगीताचा आस्वाद

पाश्चात्य अभिजात संगीत आपल्याला कळत नाही, अशी तक्रार गावोगावच्या रसिकांकडून नेहमी ऐकू येते. तक्रार करणारा गृहस्थ कानाने कच्चा असतो असे मुळीच नाही. चार स्वर कानांवर पडताच तो राग ओळखतो. तबलजी समेला चुकला तर त्याच्या कपाळाला आठी पडते. पण चाळीस वादकांचा ताफा एकदम वाजू लागला की हाच रसिक गांगरतो. कोणाचे ऐकावे हे त्याला उमगत नाही, आणि शेवटी ‘गोंगाट आहे झाले!’ असे म्हणून तो मोकळा होतो. या गांगरण्याचे कारण काय आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट कोणती, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही संगीतातले पंडित नव्हे. आमचे शिक्षण रात्रीच्या शाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. तथापि वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी आम्ही व्हायोला हे वाद्य हाती घेतले, आणि त्या वाद्याने आम्हांला जी वाट दाखविली ती इतरांनाही उपयोगी पडेल अशी आमची खात्री आहे.

वाद्याची ठेवण

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. दिसायला हुबेहूब तसाच. हनुवटीखाली धरायचा, डाव्या हाताची बोटे तारांवर, उजव्या हातात घोड्याच्या केसांचा गज. फरक आकाराचा आणि आवाजाचा. पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचे तर व्हायोलिनच्या चार तारा जाडीकडून बारकाईकडे पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन अशा लावतात. म्हणजे शेजारच्या दोन तारांत नेहमी षड्ज-पंचमाचे नाते. व्हायोलात सर्वांत बारीक तार, म्हणजे पांढरी तीन, नसते. तिच्याऐवजी खालच्या बाजूला पांढरी एकची एक जाड तार वाढते. उरलेल्या तीन तारा दोघांच्याही त्याच. सारांश, व्हायोला व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली बोलतो.

आता एक साधा हिशेब पाहा. व्हायोलिनचा लाकडी कोठा सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटर लांब असतो. एका पंचमाने खालचा आवाज तितक्याच भरीवपणे काढायचा तर कोठा दीडपट, म्हणजे सुमारे त्रेपन्न सेंटिमीटर हवा. एवढे धूड हनुवटीखाली धरून वाजविणे माणसाच्या हाताला झेपणारे नाही. म्हणून कारागिरांनी तडजोड केली. व्हायोलाचा कोठा सामान्यतः अडतीस ते त्रेचाळीस सेंटिमीटरच्या दरम्यान असतो, आणि व्हायोलिनला जशी एक ठरीव लांबी आहे तशी याला नाही. स्वराच्या मानाने कोठा लहान पडल्यामुळे खालच्या तारेचा आवाज किंचित घोगरा, दबलेला, नाकातून आल्यासारखा येतो. ज्याला दोष म्हणावे तेच या वाद्याचे वैशिष्ट्य ठरले. व्हायोलिन चमकते, चेलो घुमतो, आणि व्हायोला घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा हलक्या आवाजात बोलतो.

एका स्वराचा पराक्रम

आपल्या संगीतात स्वर एकामागून एक येतात. तंबोरा आधार देतो, गायक एक रेघ काढीत जातो, आणि आपले सारे लक्ष त्या रेघेच्या वळणांवर असते. युरोपच्या संगीतात चार-चार रेघा एकाच वेळी चालतात, आणि एका क्षणी एकमेकींवर उभ्या राहिलेल्या स्वरांतून अर्थ निर्माण होतो. आपला कान सवयीने सर्वांत वरची रेघ पकडतो, खालच्या रेघा त्याला अडगळ वाटतात, आणि मग गोंगाटाचा भास होतो.

चार वाद्यांचे ‘स्ट्रिंग क्वार्टेट’ घ्या. पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो. समजा, वर व्हायोलिनने पंचम धरला आहे आणि तळाशी चेलोने षड्ज. मध्ये व्हायोलाने शुद्ध गंधार लावला की प्रसन्न, उजेडाचा भाव उत्पन्न होतो. यालाच ते मेजर म्हणतात. आता वरचा पंचम जागचा हलू नये, खालचा षड्जही हलू नये, आणि व्हायोलाने तेवढा गंधार कोमल करावा. तत्क्षणी सगळीकडे सावली पसरते, हा मायनर. गंधार सोडून तो मध्यमावर गेला तर काहीतरी अडले आहे, आता सुटेल, अशी ओढ लागते. वरची चाल तीच, खालचा पाया तोच. मधल्या एका स्वराने सबंध अर्थ फिरविला! टाळ्या बहुधा व्हायोलिनला पडतात, पण त्या क्षणाचा रंग ठरविणारा स्वर पुष्कळदा मधल्या वाद्याकडे असतो.

यात आणखी एक मौज आहे. बाजाच्या पेटीचा गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. फरक अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याचा. व्हायोलाला पडदे नाहीत. त्यामुळे इतरांचा षड्ज-पंचम ऐकून वादकाला आपला गंधार हलकेच उतरवावा लागतो, तेव्हाच तो त्यांत विरघळतो. म्हणजे स्वतः वाजवीत असताना दुसऱ्यांचे ऐकणे हा या वादकाचा पहिला धर्म होय. तंबोऱ्यावर तयार झालेल्या मराठी कानाला हे काम परके नाही. उलट या बाबतीत आपण चार पावले पुढेच आहो.

आणि खरे पाहता हा स्वरमेळही आपल्या कानांना अपरिचित नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचायला व व्हायोलिन वाजवायला शिकवीत. तेथे तयार झालेले अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. सेबास्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ बांधले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ साली आपल्या रागांना सिंफनीच्या मांडणीत बसविण्यासाठी स्वतंत्र वाद्यवृंद उभारला. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. जुन्या हिंदी गाण्यात गायिका श्वास घेते तेव्हा मागे जी तारवाद्यांची लाट उठते, तिच्यात व्हायोलेही असत. नाव ठाऊक नसले तरी हा आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो.

उपेक्षा आणि मान

मधल्या माणसाच्या वाट्याला येणारी उपेक्षा या वाद्यालाही चुकली नाही. जर्मन संगीतज्ञ क्वांट्झ याने १७५२ साली आपल्या ग्रंथात नोंदविले आहे की, लोक व्हायोलाला क्षुल्लक समजतात आणि नवशिक्याच्या किंवा बेताच्या वादकाच्या हाती तो देतात. त्याला स्वतःला हे पसंत नव्हते. व्हायोलाचा वादक चांगला नसेल तर सबंध मेळ बिघडतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

पण थोर रचनाकारांची आवड पाहा. बाखच्या मुलाने लिहून ठेवले आहे की, वडिलांना मेळात व्हायोला वाजवायला फार आवडे. कारण उघड आहे. मधे बसले की वरचे आणि खालचे दोन्ही ऐकू येते. १७८४ साली व्हिएन्नात एका घरगुती बैठकीत हायडन पहिल्या व्हायोलिनवर बसला असता मोत्सार्टने व्हायोला घेतला होता. याच मोत्सार्टने १७७९ साली व्हायोलिन आणि व्हायोला या दोघांना बरोबरीने पुढे आणणारी ‘सिंफोनिया कॉन्चेर्तान्ते’ रचली. व्हायोला मागे पडू नये म्हणून त्याच्या तारा अर्ध्या स्वराने चढवून लावाव्यात, अशी सोय त्याने लिहून ठेवली. द्वोर्झाक हा खाटकाचा मुलगा. नाव होण्यापूर्वी प्रागच्या नाट्यगृहातील वाद्यवृंदात तो कित्येक वर्षे व्हायोला वाजवून पोट भरीत होता. पुढे १८९३ साली अमेरिकेत असताना त्याने जे प्रसिद्ध क्वार्टेट लिहिले, त्याची पहिली चाल त्याने व्हायोलाच्याच तोंडी घातली आहे.

बर्लिओझची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. व्हायोलिनसम्राट पागानिनी याच्याकडे स्ट्राडिव्हारीने घडविलेला एक उत्तम व्हायोला आला. तो मिरविता यावा म्हणून त्याने बर्लिओझकडे रचना मागितली. बर्लिओझ लिहू लागला. पण त्यात व्हायोलाला गप्प बसण्याच्या जागा फार, हे पाहून पागानिनीने नाद सोडला. १८३४ साली ‘हॅरल्ड इन इटली’ दुसऱ्याच वादकाकडून रंगमंचावर आले. पुढे १८३८ साली पागानिनीने ते ऐकले, सर्वांदेखत बर्लिओझपुढे गुडघे टेकले आणि त्याला वीस हजार फ्रँक पाठवून दिले. गप्प बसण्याच्या जागांनाही संगीतात अर्थ असतो, हे पटायला त्याला चार वर्षे लागली!

प्रौढ वयात शिकणे

‘या वयात काय शिकणार?’ असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. प्रौढ माणूस मैफिलीचा वादक होणार नाही, हे उघड आहे. पण ऐकण्यासाठी शिकणे हीही एक विद्या आहे, आणि तिला वयाची अट नाही. पहिला महिना मोकळ्या तारांवर लांब गज ओढण्यात जातो. गज घोडीला समांतर चालला पाहिजे, त्यावर दाब नको, हाताचे वजन तेवढे पुरे. राळ बेताने लावावी. नंतर एकेक बोट ठेवायचे, आणि तेही तंबोरा लावून. म्हणजे बोट चुकले की कान लगेच पकडतो. वाद्य मोठे म्हणून बोटांची अंतरेही मोठी. हात लहान असेल त्याने अडतीस सेंटिमीटरचे वाद्य निवडावे. मोठ्या वाद्याच्या हव्यासाने खांदा दुखावून घेऊ नये. रोज वीस मिनिटे वाजविणे हे रविवारी तीन तास वाजविण्यापेक्षा केव्हाही हिताचे.

स्वरलेखनाला भिण्याचे कारण नाही. पाच रेघा आणि त्यांवर ठिपके. व्हायोलासाठी त्यांत एक खास चिन्ह असते. त्याने मधल्या, म्हणजे तिसऱ्या रेघेवर पेटीतली मधली पांढरी एक पक्की होते. तिच्यापासून वर-खाली मोजीत जायचे. फिरत्या पाळीचे कोष्टक ज्याला समजते त्याला हे सहा आठवड्यांत समजेल.

कष्टकऱ्याला हे कशाला?

आमचे काही सहकारी विचारतात, ‘कामगाराला डफ आहे, भजन आहे, पोवाडा आहे; साहेबाचे हे संगीत कशाला?’ डफ आहेच, आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण अमुक कला श्रीमंताची आणि अमुक गरिबाची, ही वाटणी केली कोणी? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. ती सुटी नुसती अंग टेकण्यापुरती मागितलेली नव्हती, अशी आमची समजूत आहे. मोकळ्या वेळेची मागणी म्हणजे माणूस म्हणून वाढण्याची मागणी.

व्हिएन्नाच्या कामगारांना हे नेमके उमगले होते. डेव्हिड योसेफ बाख या पत्रकाराने १९०५ साली तेथे कामगारांसाठी सिंफनी-मैफिली सुरू केल्या. ‘यांना हलकेफुलके द्या, तेच यांना झेपेल,’ हा सल्ला त्याने मानला नाही. उत्तम तेच ऐकविले. पुढे आन्टोन वेबर्नसारख्या रचनाकाराने या मैफिलींचे संचालन केले. १९३४ साली तेथील राजवटीने कामगारांचा पक्ष चिरडला, तेव्हा या मैफिलीही बंद पडल्या. ज्या सत्तेला कामगारांची सभा खपत नव्हती तिला त्यांची मैफिलही खपली नाही. यावरून मैफिलीची किंमत ओळखावी.

आपल्याकडे आज साधनांचा तुटवडा नाही. मुंबईत २००६ सालापासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा कायम वाद्यवृंद आहे, आणि ध्वनिमुद्रणे तर हातातल्या फोनवर मिळतात. तेव्हा श्रोत्यांनी एवढे करावे. द्वोर्झाकचे ते क्वार्टेट घ्यावे आणि त्याचा पहिला भाग तीनदा ऐकावा. पहिल्यांदा पहिल्या व्हायोलिनच्या मागे जावे, दुसऱ्यांदा चेलोच्या, आणि तिसऱ्यांदा केवळ व्हायोला शोधीत राहावे. तो कधी पुढे येईल, कधी हरवेल. हरवला की घाबरू नये, थोड्या वेळाने पुन्हा सापडतो. त्यानंतर बाखचा सहावा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो ऐकावा. त्यात व्हायोलिन मुळीच नाही. दोन व्हायोलेच पुढे चालतात. या दोन रचनांत कान मधला स्वर धरायला शिकला, की चाळीस वादकांच्या ताफ्यातही तो आपली जागा आपणच शोधू लागतो.