लाल काच, काळं आभाळ

जास्वंदीचं लालभडक फूल आणि त्यामागची हिरवीगार पानं यांचा फोटो साध्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काढला, तर बहुतेक वेळा फूल पानांत हरवून जातं. डोळ्याला हे दोन रंग अगदी वेगळे दिसतात. फिल्म मात्र फक्त प्रकाशाची मात्रा मोजते. फूल आणि पानं साधारण सारखाच प्रकाश परतवत असतील, तर दोन्ही सारखीच करडी उमटतात. आता लेन्सपुढे लाल फिल्टर लावा. फूल पांढुरकं होतं, पानं गडद होतात. हिरवा फिल्टर लावला की पानं उजळतात आणि फूल काळवंडतं. फिल्टर चित्रात रंग भरत नाही. तो येणाऱ्या प्रकाशातला काही भाग अडवतो, एवढंच.

हा धडा इन्स्टंट फिल्मवर जितका पक्का होतो, तितका दुसरीकडे कुठेच होत नाही, असं माझं ठाम मत आहे. फोटो हाती येतो तेव्हा फूल समोरच असतं, उन्हाचा कोनही बदललेला नसतो. चूक कळली की लगेच दुसरा फिल्टर लावून पाहता येतो. फोटोग्राफर अँसल अ‍ॅडम्स यांना १० एप्रिल १९२७ रोजी ही सोय नव्हती. योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर त्यांनी आधी पिवळा फिल्टर लावून फोटो घेतला. मग लक्षात आलं, की आभाळ मनात आहे तितकं गडद येणार नाही. शेवटची उरलेली काचेची प्लेट त्यांनी गडद लाल फिल्टरमधून वापरली. ‘मोनोलिथ’ हे त्यांचं गाजलेलं चित्र ते हेच. पण अंदाज बरोबर ठरला की नाही, हे प्लेट धुतल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी २१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका मिनिटात तयार होणारा फोटो दाखवला, आणि पुढच्या वर्षी पोलरॉइडचा कॅमेरा बाजारात आला. अ‍ॅडम्स लवकरच या कंपनीचे सल्लागार झाले.

पोलरॉइडच्या त्या सोलून काढायच्या फिल्ममध्ये काय घडायचं, ते पाहण्यासारखं आहे. फिल्मला रसायनाची एक छोटी पुडी जोडलेली असे. फिल्म ओढली की रुळांमध्ये ती फुटायची आणि आतला लगदा निगेटिव्ह आणि कागद यांच्यामध्ये पसरायचा. जिथे प्रकाश पडला, तिथल्या सिल्व्हर हॅलाइडच्या कणांची निगेटिव्हवरच चांदी व्हायची. जिथे पडला नाही, तिथले कण विरघळून समोरच्या कागदावर जायचे आणि तिथे त्यांची काळी चांदी बनायची. लाल फिल्टरनं आभाळाचा निळा प्रकाश अडवला, की आभाळाच्या जागी जास्त चांदी कागदावर सरकायची. चित्रातलं काळंभोर आभाळ म्हणजे शब्दशः चांदीचा थर.

आभाळावरच हा परिणाम इतका का होतो? हवेचे रेणू आखूड तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून जास्त विखुरला जातो. निरभ्र आभाळाचा निळेपणा यातूनच येतो, म्हणून लाल फिल्टर त्याचा बराचसा उजेड कापून टाकतो. ढगांतले पाण्याचे थेंब मात्र सगळे रंग सारखेच विखुरतात, त्यामुळे ढग पांढरेच राहतात आणि उठून दिसतात. पावसाळ्यातल्या झाकोळलेल्या आभाळापुढे मात्र कोणताच फिल्टर चालत नाही. धुक्याचंही तेच. दूरच्या डोंगरांवरची निळसर धूसरता लाल किंवा नारिंगी फिल्टरनं कमी होते, दाट पांढरं धुकं हटत नाही.

फिल्टरची किंमत प्रकाशात मोजावी लागते. पिवळ्या फिल्टरला साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश), नारिंगीला दोन, लाल रंगाच्या नेहमीच्या २५ नंबरच्या फिल्टरला तीन, म्हणजे आठपट प्रकाश. पोलरॉइडची आजची ६०० मालिकेची काळी-पांढरी फिल्म ६४० आयएसओ संवेदनशीलतेची आहे; लाल फिल्टर लावला की ती ८० ची असल्यासारखी वागते. भर उन्हात हे निभतं, सावलीत हात हलतो आणि चित्र पुसट होतं.

नवखे अडकतात ते वेगळ्याच ठिकाणी. या कॅमेऱ्यांत प्रकाश मोजणारा डोळा बहुधा लेन्सच्या शेजारी, वेगळा असतो. फिल्टर फक्त लेन्सवर धरला तर डोळ्याला त्याचा पत्ताच नसतो आणि फोटो काळाकुट्ट येतो. फिल्टरचा तुकडा डोळ्यावरही यायला हवा, किंवा कॅमेऱ्यात सोय असेल तर एक्स्पोजर हातानं वाढवायला हवं. कॅमेऱ्याच्या या डोळ्याची रंगांची जाण फिल्मसारखीच नसते, म्हणून पहिला फोटो चाचणीचा समजावा. पोलरॉइडच्या पाकिटात आठच फोटो असतात. तरीही ही चाचणी टाळू नये.

लँड स्वतः फिल्टरपाशी थांबले नाहीत. एकाच दृश्याची दोन काळी-पांढरी पारदर्शक चित्रं त्यांनी घेतली, एक लाल फिल्टरमधून, दुसरं हिरव्या. पहिलं लाल प्रकाशानं आणि दुसरं साध्या पांढऱ्या प्रकाशानं पडद्यावर एकमेकांवर टाकलं. पडद्यावर फक्त गुलाबी छटा दिसतील, असं कोणालाही वाटलं असतं. प्रेक्षकांना हिरव्यासकट कितीतरी रंग दिसले. १९५९ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. रंग ठरवताना मेंदू आजूबाजूच्या भागांशी तुलना करतो, हा त्यांचा पुढचा सिद्धांत यातूनच आकाराला आला. मला हा प्रयोग विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर प्रयोगांपैकी वाटतो.

विज्ञान शिक्षकांना एक विनंती. इन्स्टंट कॅमेरा आणि फिल्म महाग आहेत, पण सुरुवात त्यांच्याशिवायही होते. लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन कागद आणा, मोबाइलचा कॅमेरा काळ्या-पांढऱ्यावर ठेवा आणि शाळेच्या आवारातलं एकच फूल तिन्ही कागदांतून मुलांना टिपू द्या. कोणत्या कागदातून फूल उजळेल, हे त्यांच्याकडून आधी वहीत लिहून घ्या आणि मगच फोटो काढायला सांगा.