राष्ट्रगीत, सदसद्विवेक आणि एक परिपत्रक

केरळातील कोट्टयम जिल्ह्यातल्या एका शाळेत 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे, दहावी, नववी आणि पाचवीत शिकणारी, रोज सकाळी राष्ट्रगीत सुरू झाले की इतरांबरोबर आदराने उभी राहत, मात्र ओठ मिटून. कारण यहोवाच्या प्रार्थनेवाचून अन्य कोणत्याही विधीत सहभागी होणे त्यांच्या श्रद्धेला निषिद्ध होते. त्यांच्या थोरल्या बहिणीही याच शाळेतून तशाच उभ्या राहून शिकून गेल्या होत्या आणि त्याचे कोणालाच काही वाटले नव्हते. जुलै 1985 मध्ये ही गोष्ट एका आमदाराच्या नजरेस आली, विधानसभेत प्रश्न निघाला, चौकशी समिती नेमली गेली. आणि मुले कायदा पाळणारी असून त्यांनी राष्ट्रगीताचा अनादर केलेला नाही, असे समितीने कळवूनही, शिक्षण खात्याच्या उपनिरीक्षकांच्या हुकुमावरून मुख्याध्यापिकांनी 26 जुलै रोजी तिघांना शाळेतून काढून टाकले. सरकारचा निर्णय होईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्यावे, ही पित्याची विनंती आली तेव्हा मुख्याध्यापिकांनी आपली असहायता लेखी कळवली. दोष कोणालाच सापडला नव्हता, तरी शिक्षा मात्र बजावली गेली.

प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला, कोणाच्याही धर्मभावनेला बाध येईल असे त्यात काही नाही असे ठरवले आणि दाद नाकारली. माझ्या मते ही तपासणीच अप्रस्तुत होती, आणि 11 ऑगस्ट 1986 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम. एम. दत्त यांनी नेमके हेच दाखवून दिले : श्रद्धा इतरांना पटते की नाही हे न्यायालयाने पाहावयाचे नसून, ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते. शिवाय घटनेच्या 19व्या व 25व्या अनुच्छेदांनी दिलेल्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालायची तर त्यासाठी विधिवत कायदा हवा, राष्ट्रगीताविषयीचे खात्याचे परिपत्रक पुरत नाही. आणि राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाविषयीचा 1971चा कायदा तर गायनास हेतुपुरस्सर प्रतिबंध करणाऱ्याला वा गाणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणाऱ्याला शासन करतो, स्तब्ध उभ्या असलेल्याला नव्हे.

या निकालामागे अमेरिकेतील अनुभव उभा होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1940 मध्ये, आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने, ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरवली आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांवर जमावांनी ठिकठिकाणी हल्ले केले. पुढे 14 जून 1943 रोजी, महायुद्ध ऐन भरात असताना आणि हिटलरला सलाम न करणारे याच पंथाचे अनुयायी जर्मनीच्या छळछावण्यांत खितपत असताना, त्याच न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाच्या खटल्यात आपला निर्णय फिरवला. तो निकाल लिहून संकटकाळात हे धैर्य दाखवणाऱ्या न्या. रॉबर्ट जॅक्सन यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

आपल्याकडे 30 नोव्हेंबर 2016 रोजी चित्रपटगृहांत राष्ट्रगीत अनिवार्य झाले आणि 9 जानेवारी 2018 रोजी ते ऐच्छिक ठरले. चित्रपटाला न जाण्याची मोकळीक प्रौढ माणसाला असते. शाळेच्या रांगेत उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलाला ती नसते, आणि दिल्लीपर्यंत दाद मागण्याची ऐपतही बहुतेक पालकांना नसते. म्हणूनच खात्याचे फर्मान जितक्या तत्परतेने मुख्याध्यापकांच्या मेजावर पोचते, तितक्याच तत्परतेने 1986चा हा निकाल, सोप्या मराठीत, महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेच्या दप्तरी पोचवणे हे शिक्षण खात्याचे काम आहे.