वाळीत टाकलेल्या केटीची गोष्ट

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात आमिश नावाचा ख्रिस्ती समाज राहतो. घोडागाडीने फिरणारा, साधा पोशाख घालणारा, मुलांना आठवीपर्यंतच शाळेत धाडणारा. त्यांच्यावर तिकडे खूप कादंबऱ्या निघतात. बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग' ही १९९७ सालची कादंबरी त्यातली गाजलेली.

तिच्यातल्या केटीला लग्नाच्या तोंडावर माळ्यावर तान्ह्या बाळाचा साटीनचा झगा सापडतो. साध्या आमिश घरात असलं भारी कापड आलं कुठून? इथून गोष्ट हातातून सुटत नाही. पुढे समाज केटीला वाळीत टाकतो. आमिश लोक अशा माणसासोबत एका पंगतीला जेवत नाहीत.

गोष्ट आम्हाला आवडली. पण लेखिका स्वतः आमिश नाहीत. अशा बहुतेक कादंबऱ्या बाहेरच्यांनीच लिहिल्यात. तेवढ्यावरून साऱ्या समाजाबद्दल मत बनवू नये.

आणि वाळीत टाकणं आपल्याला कुठे नवीन आहे? महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. केटी एकटी पडली. आपल्या गावात कुणी तशी एकटी पडली, तर तिच्या दारात आधी बचत गटाने जायला हवं.