दमट हवेतील टर्बो : भीती किती, काळजी किती?

कराड-कोल्हापूरकडून धान्य, गूळ, साखर, कापड, भुसार माल कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून चिपळूण, खेड, रत्नागिरीच्या बाजारपेठांत जातो. या वाहतुकीचा मोठा भार आज पिकअप गाड्या वाहतात. पेढीवर जुनी गाडी काढून नवी घेण्याचा विषय निघाला, की घरात दोन मते पडतात. तरुण पिढीला घाट चढणारी, दमदार टर्बो गाडी हवी असते. वडीलधारी मंडळी मात्र म्हणतात, ‘चार महिने पाऊस, बारा महिने समुद्राची हवा; असल्या दमटपणात हे नाजूक यंत्र टिकणार कसे? साधे इंजिन बरे.’ प्रश्न लाखो रुपयांच्या भांडवलाचा असल्याने तो नुसत्या ऐकीव माहितीवर सोडता येत नाही.

पहिली गोष्ट अशी, की ही निवड आता फारशी उरलेलीच नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषण-मानक लागू झाले. त्यानंतर एक टनाहून अधिक भार वाहणाऱ्या डिझेल पिकअप जवळजवळ सर्व टर्बोच्याच येतात. तेव्हा टर्बो घ्यावा की नाही, यापेक्षा घेतलेला टर्बो कोकणच्या हवेत कसा सांभाळावा, हा विचार अधिक उपयोगाचा आहे.

टर्बो म्हणजे काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात बरीच शक्ती वाया जाते. त्या धुराच्या झोताने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची साधी कल्पना. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. हवा अधिक मिळाली की डिझेल अधिक जळते आणि लहान इंजिनही मोठा भार ओढते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याला आधार असतो तो केवळ ऑइलच्या पातळ थराचा. टर्बोचे आयुष्य प्रामुख्याने या थरावर अवलंबून असते.

दमट हवेचा खरा परिणाम

हवा ३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट असेल, तर एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते; २० अंशांना ती १७ ग्रॅमच्या आसपास असते. पावसाळ्यात ही वाफ हवेच्या शंभर भागांतील सुमारे चार भाग जागा अडवते. तेवढा प्राणवायू कमी पडतो आणि इंजिनाची ताकद थोडी घटते. साध्या इंजिनाला ही घट मुकाट्याने सोसावी लागते. टर्बो मात्र हवा दाबून भरत असल्याने ती बरीचशी भरून काढतो. म्हणजे दमट हवेत टर्बो उलट उपकारकच ठरतो.

दुसरी शंका इंटरकूलरविषयी घेतली जाते. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी इंटरकूलरमध्ये थंड केली जाते. दमट हवा दाबून थंड केली, की कधी कधी तिच्यातील वाफेचे पाणी होते. ही शंका निराधार नाही. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एफ-१५० या पिकअपच्या टर्बो पेट्रोल इंजिनाबाबत अशा तक्रारी आल्या होत्या. दमट किंवा पावसाळी हवेत गाडी बराच वेळ एका वेगाने चालवून एकदम जोर दिला, की इंटरकूलरमध्ये साठलेले पाणी इंजिनात ओढले जाई आणि गाडी क्षणभर अडखळे. २०१३ साली तेथील सरकारी यंत्रणेने त्याची चौकशीही केली. परंतु पेट्रोल इंजिनात ठिणगीने ज्वलन होते आणि पाण्याने त्यात व्यत्यय येतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. दाबाच्या उष्णतेनेच इंधन पेटते. इतक्या थोड्या पाण्याने त्याचे सहसा अडत नाही.

याहून मोठी साक्ष समुद्राची आणि रुळांची आहे. खाऱ्या, दमट हवेत आयुष्य काढणाऱ्या मालवाहू जहाजांची मोठी डिझेल इंजिने टर्बोवरच चालतात. हवा थंड झाल्यावर साठणारे पाणी काढून टाकण्याची सोय तेथे असते. कोकण रेल्वेमार्ग १९९८ साली पूर्ण झाला आणि २०२२ मध्ये त्याचे विद्युतीकरण संपले. मधल्या काळात त्या मार्गावर गाड्या ओढणारी डिझेल इंजिने टर्बोचीच होती. कोकणचा मुसळधार पाऊस त्यांनी दोन तपे सोसला.

मग टर्बो बिघडतो कशाने?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आपली म्हण आहे. टर्बोच्या बाबतीत तेच घडते. दोष हवेला दिला जातो आणि दुखणे राहते ऑइलमध्ये.

बाजारपेठेतल्या बाजारपेठेत दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. ज्वलनात तयार होणारी वाफ आत थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर ती याचीच खूण असू शकते. साय जाड असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर मात्र गाडी लगेच मेकॅनिकला दाखवावी. शिवाय बीएस-६ गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वतःला साफ करण्यासाठी गाडी काही काळ सलग आणि गरम चालावी लागते. लहान फेऱ्यांत ही सफाई अपुरी राहते, आणि तिच्यासाठी सोडलेल्या जादा डिझेलचा काही अंश ऑइलमध्ये उतरून ऑइल पातळ होते. पातळ आणि मळलेल्या ऑइलचा पहिला फटका टर्बोच्या दांड्याला बसतो. म्हणून गावातच फिरणाऱ्या गाडीचे ऑइल पुस्तिकेत कठीण वापरासाठी दिलेल्या कमी मुदतीत बदलावे, आणि आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा तास महामार्गावर सलग चालवावी. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच हवे. येथे केलेली काटकसर महागात पडते.

भरल्या गाडीने घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करण्याची सवयही घातक आहे. त्या वेळी टर्बो अतिशय तापलेला असतो. ऑइलचा प्रवाह एकाएकी थांबला, तर आत उरलेले ऑइल करपून साचते. मिनिट-दोन मिनिटे इंजिन सावकाश चालू ठेवून मग बंद करावे. चालकाला हे समजावून सांगणे मालकाचे काम आहे.

दमटपणाचा खरा मारा टर्बोच्या आतल्या भागांपेक्षा त्याच्या आसपास होतो. वायरिंगच्या जोडांत ओल शिरून सेन्सर चुकीची खबर देतात. टर्बोचा दाब आवरणारी बाहेरची दांडी गंजून अडकते, विशेषतः गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर. इंटरकूलरच्या जाळीत चिखल बसतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत ओल साचून डिझेलमध्ये पाणी उतरते आणि इंजेक्टर खराब होतात. यांवरचे उपाय स्वस्त आहेत. पावसाळ्यात रात्री टाकी भरलेली ठेवावी, डिझेल फिल्टरमधील पाणी वेळच्या वेळी काढावे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर एअर फिल्टर, रबरी नळ्या व वायरिंग तपासून घ्यावे. फिल्टर शेकड्यांत येतो. टर्बो हजारोंच्या घरात जातो.

पुराचे पाणी : खरा शत्रू

दमट हवा आणि साचलेले पाणी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठा पुरात बुडाल्या, तेव्हा दुकानांबरोबर असंख्य गाड्याही पाण्याखाली गेल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरले आणि इंजिन फिरवले, की कनेक्टिंग रॉड वाकतो. मग ते इंजिन टर्बोचे असो वा बिनटर्बोचे. पाण्यात बंद पडलेली किंवा बुडालेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. ती ओढून न्यावी. अशा प्रयत्नाने झालेले नुकसान विमा कंपन्या बहुधा मूळ अपघातात धरत नाहीत. पूररेषेतील बाजारपेठेत गाडी ठेवणाऱ्याने इंजिन-संरक्षणाची जोड विम्यात आहे का, तिच्या अटी कोणत्या, हे मे महिन्यातच वाचून घ्यावे.

जुनी गाडी घेतानाही हे ध्यानी धरावे. पुरात भिजलेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जातात. सीटखालचा गंज, दिव्यांच्या आत बसलेला गाळ, गालिच्याचा कुबट वास आणि विम्याच्या दाव्यांची नोंद पाहावी. टर्बोच्या हवेच्या नळीत ऑइल साचले असेल किंवा धूर निळसर येत असेल, तर चांगल्या मेकॅनिककडून तपासणी झाल्याखेरीज विसार देऊ नये.

सारांश, कोकणच्या दमट हवेला भिऊन टर्बो नाकारण्याचे कारण नाही. व्यापारात हिशेबाची वही जशी रोज लिहिली जाते, तशीच गाडीचीही एक वही ठेवावी : ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी झाडला, डिझेलमधले पाणी कधी काढले. जिच्या वहीत या नोंदी वेळेवर आहेत, त्या गाडीला पावसाळा जड जात नाही; आणि जिच्या वहीची पाने कोरी आहेत, तिला सोलापूरची कोरडी हवाही वाचवू शकत नाही.