टपावरचं ऊन आणि टाकीतलं डिझेल

कॅम्पर व्हॅनच्या टपावर सौर पॅनेल दिसलं, की गाडी ‘उन्हावर चालते’ असा समज होतो, आणि विकणारेही तो खोडायच्या भानगडीत पडत नाहीत. हिशेब वेगळंच सांगतो. मुंबईहून सिल्वासा साधारण १८० किलोमीटर. लिटरला १० किलोमीटर देणारी डिझेल व्हॅन जाऊन-येऊन ३६ लिटर पिते आणि त्यातून सुमारे ९६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. टपावरची ४०० वॉटची पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण दीड युनिट वीज देतात. तेवढी वीज छोट्या पेट्रोल जनरेटरवर काढायची तर अंदाजे पाऊण लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड. शनिवार-रविवारच्या सहलीत उन्हाने वाचवले साडेतीन किलो, रस्त्याने खर्चले ९६. पॅनेलमुळे स्वच्छ होतो तो मुक्काम. प्रवास होता तसाच राहतो. म्हणून दोन दिवसांत धावतपळत उरकण्याऐवजी एकाच फेरीत आठवडाभर राहणं, हा टपावर आणखी दोन पॅनेल चढवण्यापेक्षा परिणामकारक उपाय ठरतो.

‘उद्या व्हॅनच विजेवर चालेल, मग काय?’ हा आक्षेप रास्त आहे. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या विद्यार्थ्यांनी २०२१ मध्ये ‘स्टेला व्हीटा’ ही सौर कॅम्पर स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाला नेलीही. पण ती हलकी, खास आकाराची, उभी राहिली की छप्पर उघडून पॅनेलचा पसारा वाढवणारी गाडी. आपल्याकडच्या उभट डब्याशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. पुण्याच्या वायवे मोबिलिटीच्या ‘ईव्हा’ या चिमुकल्या मोटारीलाही सौर छपरातून दिवसाला फार तर दहाएक किलोमीटर मिळतात, असं खुद्द कंपनी सांगते. जड विद्युत व्हॅनला किलोमीटरमागे ०.३ युनिट धरलं, तर आपल्या दीड युनिटात पाच किलोमीटर होतात. सिल्वासाहून निघालात तर खानवेलच्या वाटेचा जेमतेम पाव भाग.

मुक्कामाच्या बाबतीत मात्र हेच दीड युनिट भरपूर आहे. छोटा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास घेतो, ३० वॉटचा बीएलडीसी पंखा दहा तासांत ०.३, आणि दिवे, मोबाइल, लॅपटॉप मिळून आणखी ०.२. मधुबन जलाशयाच्या काठी दुधनीला रात्र काढताना इंजिन घरघरत ठेवावं लागत नाही, धूर शेजारच्या पाड्यात जात नाही. एसीची मागणी आली, की हा हिशेब मोडतो. एक टनाचा एसी चालू असताना तासाला युनिटभर खातो; रात्रभरात मध्येमध्ये बंद होऊनही पाच-सहा युनिटं जातात. मोठ्या व्हॅनचा टप कडेपर्यंत पॅनेलांनी भरला तरी तीनच युनिटं हाती येतात. एसी हवाच असेल तर रिसॉर्टच्या प्लगला पर्याय नाही.

ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हाही असाच एक घट्ट बसलेला समज. पॅनेलला वीज मिळते ती प्रकाशातून. उष्णता तिचं नुकसानच करते. पाटीवरचे ४०० वॉट हे पॅनेलचं तापमान २५ अंश असतानाचे. मे महिन्याच्या दुपारी टपावरचं पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं, तर सिलिकॉनची क्षमता दर अंशामागे सुमारे ०.३५ टक्क्याने उतरून ३४४ वॉटच उरतात. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नये, खालून वारा खेळेल इतकी फट ठेवावी. तेवढ्याने पत्राही कमी तापतो. आणि सावली? खानवेलच्या परिसरातला साग उन्हाळ्यात पानं गाळतो, तेव्हा त्याच्याखाली गाडी लावून फारसं बिघडणार नाही असं वाटतं. पण एका फांदीची सावली दोन-चार सेलवर पडली तरी मालिकेत जोडलेल्या बाकीच्या सेलांची वीजही अडते. गाडीला ऊन नि माणसांना सावली, अशी जागा शोधावी लागते.

पावसाळ्यात पॅनेल शोभेपुरतंच, असंही म्हणतात. तेही पूर्ण खरं नाही. ढगांतून झिरपणाऱ्या उजेडातही वीज बनते. जुलैची सरासरी उन्हाळ्याच्या निम्म्याच्या आसपास असते. सलग झड लागली तर मात्र फ्रिजसाठी इंजिनवरून बॅटरी भरावी लागते, म्हणजे पुन्हा डिझेलच.

सगळ्यात अवघड आक्षेप वेगळाच आहे: पॅनेल बनवायलाही ऊर्जा लागतेच ना? घराच्या गच्चीवर ती साधारण वर्ष-दोन वर्षांत वसूल होते. पण वर्षातले वीस दिवस फिरणारी आणि उरलेले दिवस सोसायटीच्या तळघरात अंधारात उभी असणारी व्हॅन ती कधी वसूल करणार? पर्यावरणासाठीच पैसे घालायचे असतील तर गच्चीवरचं एक किलोवॉट बारा महिने दिवसाला सरासरी चार युनिटं देतं, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला अनुदानही आहे. भाड्याने फिरणाऱ्या व्हॅनला हा आक्षेप तितका लागू पडत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात अशा व्हॅनना वाव आहे. आज एक कुटुंब, परवा दुसरं, आणि मधल्या दिवसांतही गाडी उघड्यावर असेल, तर तिच्या टपावरचं पॅनेल आपली किंमत लवकर फेडतं.